बापाचं नाव

लॉर्डसाहेब, मंगळवारी तुमची पणती येऊन गेली.
सत्तरीची असंल. गुडघ्यानं अधू.
रिक्षावाल्यानं तिला आधी पंचगंगेच्या स्मशानात नेलं,
मग कुणीतरी म्हणालं, अरे, ही जाळणाऱ्यांतली नव्हं,
तेव्हा माझ्याकडं.

मी शामुवेल आवळे. गोऱ्यांच्या दफनभूमीचा राखणदार.
पगार तीन वर्षं थकलाय, किल्ली मात्र माझ्याच कमरेला.
एकेचाळीस थडगी. त्यात तुमचं एक,
ते पण तुमचं नव्हं, लेकीचं.

कुंपणाला लागून, बाभळीखाली, परातीएवढा दगड.
मेबल. चार वर्षं, दोन महिने. पटकीनं गेली.
आम्ही तिला माबळी म्हणतो.
एकोणीसच्या पुरात आठ दिवस पाण्याखाली होती.
पाणी ओसरलं तशी मी पहिली तिलाच धुतली,
नारळाच्या शेंडीनं, अक्षरांतला गाळ काडीनं काढत.
मला इंग्रजी येत नाही,
पण तिचं नाव बोटांना पाठ आहे.

म्हातारीनं पिशवीतनं फोटो काढले.
संगं सानिका म्हणून कॉलेजची पोरगी, ती सांगत गेली:
हे घर, एकशे चार खिडक्यांचं.
ही तुमची आवडती घोडी.
हे तुम्ही, मिशा आमच्या जुन्या पैलवानांगत.
थोरला भाऊ घोड्यावरनं पडून मेला
तेव्हा रेसिडेन्सीतलं टेबल सोडून तुम्ही बोटीत बसलात,
आणि उतरलात ते लॉर्ड होऊनच.
मग लंडनची सभा. तिथं तास तास बोलायचात,
कुळांना जमिनी द्यायच्या नाहीत म्हणून.
सानिका 'कूळ' शब्दापाशी अडली.
मी म्हटलं, कळलं, पुढं सांग.
आमचा आज्जा कूळच होता, कागलकडं.

थोरल्या मुलानं तुमच्या विरोधात मत दिलं.
त्यावर अकरा वर्षं एका टेबलावर जेवण, पण बोलणं नाही,
मीठ पाहिजे झालं तरी नोकराच्या तोंडून.
धाकटा फ्रान्सच्या चिखलात. सापडलाच नाही.
बाईसाहेब पूर्वेच्या खिडकीशी बसून.
आणि एका रात्री गावातली पोरं रॉकेल घेऊन आली.
लई अदबीनं आली म्हणे.
तुम्हाला खुर्चीसकट उचलून हिरवळीवर ठेवलं,
अंगावर घोंगडी टाकली,
मग घर पेटवलं.

पुढं दोन वर्षं कुठल्याशा हॉटेलात.
कबर रस्तारुंदीत गेली.
पुतळा होता, तो वितळवला.
गावाला तुमचं नाव दिलेलं,
गावानं आपलं जुनं परत घेतलं.

'आमच्या घरात मेबलचं नाव कुणी काढत नव्हतं.'
बायबलच्या पहिल्या पानावर मुलांची यादी,
त्यात एक ओळ खरवडलेली.
कागद तिथं पातळ झालाय,
उजेडाला धरला की बोट दिसतं पलीकडचं.
त्या पातळ जागेतनं म्हातारी इथवर आली, साहेब.

खाली बसता येईना तिला. मी माझं स्टूल दिलं.
तिनं वाचलं, सानिकानं मराठी केलं:
मेबल, जेरल्ड कॅरिंग्डेल यांची कन्या.
बस्स. लॉर्ड नाही, सभा नाही, खिडक्या नाहीत.
हा दगड बसवला त्या दिवशी
तुम्ही अजून कुणीच नव्हता.

आमच्यात लेकराच्या मागं बापाचं नाव लागतं.
शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, कुस्तीच्या पोस्टरवर.
पोर पुढं, बाप मागं.
तुमचं नाव दगडावर उरलंय ते जगात एवढंच,
चार वर्षांच्या पोरीनं
मागं उभं करून घेतलेलं.

जाताना म्हातारीनं पाचशेची नोट दिली.
घेतली. खोटं कशाला बोलू?
लक्ष्मीपुरीतनं ब्रश आणलाय, नायलॉनचा.
इतकी वर्षं मी वरचीच ओळ घासत होतो,
खालच्या ओळीवर शेवाळ आहे हाताच्या पेराएवढं.
उद्या ऊन आलं की
ती पण बघतो.